मुलींचा गट पुसण्यापूर्वी : नाशिक जिल्ह्यातील क्रीडा संयोजकांना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील शालेय स्पर्धांचे संयोजक, तालुका समित्यांचे सदस्य आणि क्रीडा संघटनांचे पदाधिकारी यांस,

विषय : मुले-मुली असे गट न ठेवता उंची-वजनावरून गट पाडण्याची सूचना

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, पुढच्या हंगामात निदान खालच्या पातळीवरच्या स्पर्धांत तरी मुलांचा गट आणि मुलींचा गट ही वाटणी काढून टाकावी आणि उंची, वजन अशा मापांवरून गट पाडावेत, अशी सूचना आपल्यापैकी काही जणांनी मांडल्याचे मला समजले. सूचना करणाऱ्यांत माझे दोन जुने विद्यार्थी आहेत, त्यामुळे ती कोणत्या अनुभवातून आली हे मला ठाऊक आहे. मुलींच्या प्रवेशिका कमी येतात, कधी दोनच संघ उभे राहतात आणि पहिलाच सामना अंतिम सामना होऊन बसतो. एखादी दणकट मुलगी मुलींच्या गटात कुणालाच आवरत नाही, तर एखादा किरकोळ अंगाचा मुलगा मुलांच्या गटात नुसता भरडला जातो. मग शरीर बघा, मुलगा की मुलगी हे कशाला बघता, असा तो युक्तिवाद आहे आणि तो वेडगळ नाही. मी ३१ वर्षे नाशिकच्या शाळांत शारीरिक शिक्षण शिकवले, त्यातली बरीचशी कबड्डीच्या मैदानावर गेली आणि या युक्तिवादाचा अर्धा भाग मी स्वतः शिक्षकांच्या खोलीत अनेकदा तावातावाने मांडला आहे. उरलेला अर्धा मात्र चुकीचा आहे, आणि त्याची किंमत मुलींना मोजावी लागेल, म्हणून हे उघड पत्र.

शरीर बघून जोड लावणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचा फड भरतो तेव्हा तिथे वजनकाटा नसतो. फडाच्या कडेला बसलेला जुना वस्ताद लंगोट लावून उभ्या राहिलेल्या पोरांकडे बघतो, एकाचा दंड चाचपतो, दुसऱ्याला पाठमोरा उभा करतो, कानाकडे नजर टाकतो (कान मोडलेला दिसला की पोरगा तालमीतला, मग तो तोंडाने काहीही सांगो) आणि दोघांचे हात एकमेकांच्या हातात देऊन हलगीवाल्याला खूण करतो. वय, उंची, वजन आणि सराव या चारही गोष्टींचा हिशेब दोन मिनिटांत झालेला असतो. आम्ही शारीरिक शिक्षणाच्या पदवीला (बी.पी.एड.) होतो तेव्हा हाच हिशेब अमेरिकी शारीरिक शिक्षणतज्ज्ञ मॅक्लॉय यांच्या सूत्राने शिकवला जाई : वयाची वीसपट, इंचांतल्या उंचीची सहापट आणि पौंडांतले वजन यांची बेरीज करायची आणि त्या आकड्यावरून शाळकरी मुलांचे गट पाडायचे. सूत्र आजही वाईट नाही. त्याला फक्त एक गोष्ट मोजता येत नाही, ती म्हणजे एकाच आकड्याच्या दोन शरीरांच्या आत काय घडते आहे.

ते मला एका विद्यार्थिनीने शिकवले. सहावीत असताना ती शंभर मीटरमध्ये वर्गातल्या सगळ्या मुलांना मागे टाकत असे. मैदान खडबडीत, पायांत काही नाही, चुन्याने आखलेली रेघ, आणि माझ्या हातात शाळेचे एकुलते एक स्टॉपवॉच. तिची वेळ मी वहीत नोंदवली होती : १५.२ सेकंद. तिच्या मागोमाग आलेल्या मुलाची १५.६. नववीत त्याच मैदानावर ती दोघे पुन्हा धावली. मुलगा १२.९ सेकंदांत आला, ती १४.४ सेकंदांत, आणि शेवटच्या रेघेशी दोघांत दहा-बारा पावलांचे अंतर पडले. ती धापा टाकत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "बाई, मी हळू झाले का?" मी तिला वही दाखवली. ती हळू झालेली नव्हती, तीन वर्षांत पाऊण सेकंदाहून अधिक सुधारली होती. त्या मुलाच्या बाबतीत मात्र मधल्या काळात असे काही घडले होते, जे तिच्या कितीही सरावाने तिला मिळणार नव्हते. दोघांच्या उंचीत तेव्हा दोन बोटांचाही फरक नव्हता, वजनही जवळपास सारखेच होते. आपण सुचवता त्या पद्धतीने ती दोघे एकाच गटात बसली असती.

बारा वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या धावण्यात, उडीत, फेकीत फार अंतर नसते, उलट मुली आधी वयात येत असल्याने पाचवी-सहावीत त्याच उंच आणि चपळ दिसतात. त्यानंतर मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. त्याबरोबर स्नायू वाढतात, हाडे लांब आणि जाड होतात, हृदय मोठे होते, रक्तातले हिमोग्लोबिन मुलींपेक्षा वर जाते. यातले काही वजनकाट्यावर किलोच्या रूपाने दिसते, पण त्या किलोत स्नायू किती आणि चरबी किती, रक्त किती प्राणवायू वाहून नेते, हे काटा सांगत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधले वेटलिफ्टिंगचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. महिलांच्या ५९ किलो गटात चीनच्या लुओ शिफांग यांनी एकूण २४१ किलो वजन उचलून सुवर्णपदक मिळवले, तर पुरुषांच्या ६१ किलो गटात चीनच्याच ली फाबिन यांनी ३१० किलो. शरीराच्या वजनमर्यादेत फरक दोन किलोंचा, उचललेल्या वजनात ६९ किलोंचा. दोघेही जगातले सर्वोत्तम, एकाच देशाचे, म्हणजे सराव, आहार, प्रशिक्षक यांतल्या फरकाकडे बोट दाखवण्याचीही सोय नाही.

आपल्या कबड्डीत हे उत्तर नियमातच आहे, फक्त आपण ते रोज पाहत असल्याने आपल्या लक्षात येत नाही. किशोर गटाला १६ वर्षे आणि ५५ किलो ही मर्यादा आहे, आणि किशोरी गटालाही तीच. वय तेच, वजन तेच, तरीही दोन गट वेगळे. नियम करणाऱ्यांना बेरीज येत नव्हती असे नाही. पंधरा वर्षांच्या ५४ किलोच्या मुलाने चढाईला जाऊन पंधरा वर्षांच्या ५४ किलोच्या मुलीची पकड झटकली तर काय होते, हे त्यांनी पाहिलेले होते.

धावण्याच्या बाबतीत तर वजनगटाची कल्पना उभीच राहत नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यत ३३ मिनिटे ५ सेकंदांत पूर्ण करून कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. दिल्लीत पुरुषांची तीच शर्यत २८ मिनिटांच्या आत जिंकली गेली. पाच मिनिटांचा हा फरक वजनगटाने भरून निघाला असता का? लांब पल्ल्याचे पुरुष धावपटूही हडकुळेच असतात. हलक्या वजनाच्या गटात धावायला लागले असते तर कविताताईंच्या पुढे त्याच वजनाचे कितीतरी पुरुष निघून गेले असते. मग 'सावरपाडा एक्सप्रेस' हे नाव कुणी ठेवले नसते, आणि त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतल्या ज्या मुली आज सकाळी अंधारात डांबरी रस्त्यावर धावताना दिसतात, त्यांच्या आईवडिलांनी त्यांना तसे पळू दिले असते का, याविषयी मला शंका आहे.

यावर आपल्यापैकी कुणी म्हणेल की गट नीट पाडले तर खालच्या गटांतही पदके असतीलच की. असतील. पण सगळ्यांत वरच्या गटाचा अंतिम सामना बघायला मैदान भरते आणि खालच्या गटाचे बक्षीस दुपारी चारला घाईघाईने उरकले जाते, हे आपण सर्वांनी केलेले आहे, मीही केलेले आहे. मिश्र वजनगटांत मुली पोहोचतील त्या या खालच्या गटांत. पुढे क्रीडागुण, शिष्यवृत्ती, शासकीय नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण हे सगळे स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असते, आणि त्या प्रमाणपत्रावर नाव कुणाचे येणार, हे गट पाडतानाच ठरून गेलेले असते.

शरीरानुसार गट पाडण्याचे काम जगात सर्वांत बारकाईने कुठे होत असेल तर ते दिव्यांगांच्या खेळांत. आपल्या सुरगाणा तालुक्यातल्या दिलीप गावित यांनी हांगझूच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ४०० मीटरचे सुवर्ण मिळवले ते टी-४७ या गटात. हा गट हाताचे व्यंग असलेल्या धावपटूंचा, आणि तिथेही पुरुषांची शर्यत वेगळी, महिलांची वेगळी. व्हीलचेअर रग्बी हा खेळ मात्र स्त्री-पुरुष एकत्र खेळतात. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराच्या क्षमतेप्रमाणे अर्ध्यापासून साडेतीनपर्यंत गुण दिले जातात आणि मैदानावरच्या चौघांची बेरीज आठच्या वर जाऊ शकत नाही. संघात महिला खेळत असेल तर तिच्यामागे ही मर्यादा अर्ध्या गुणाने वाढवून मिळते. स्नायू, सांधे, पकड, धड सगळे तपासून झाल्यावरही त्यांना तो अर्धा गुण लागतोच. आपल्या सूचनेचे म्हणून जे सर्वांत प्रगत रूप जगात आहे, त्याच्याही हिशेबात स्त्री ही वेगळी नोंद उरतेच, हे कृपया ध्यानात घ्यावे.

असे असले तरी सगळ्या खेळांना एकाच मापाने मोजण्याच्या मी विरुद्ध आहे. नेमबाजीत ताकदीचा भाग थोडा, स्थिरतेचा मोठा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये स्कीट हा प्रकार (हवेत उडवलेल्या चकत्या टिपण्याचा) स्त्री-पुरुष दोघांना खुला होता आणि चीनच्या झांग शान यांनी पुरुषांना हरवून सुवर्ण जिंकले. पुढच्या, १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये त्या प्रकारात स्त्रियांना जागाच नव्हती, आणि महिलांचा स्वतंत्र स्कीट २००० साली आला. तिथे वेगळ्या गटाने कुणाचे संरक्षण केले, हे विचारायला हरकत नाही. बुद्धिबळात तर खुला गट खरोखरच सर्वांना खुला आहे. आपल्या नाशिकच्या ग्रँडमास्टर विदित गुजराथींच्या गटात कोणतीही स्त्री उतरू शकते, आणि महिलांचा वेगळा गट आहे तो मुली टिकून राहाव्यात म्हणून. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, ती त्या गटाच्या वाटेनेच. म्हणून शालेय बुद्धिबळ, कॅरम आणि नेमबाजी यांत मुलींना खुल्या गटात खेळण्याची मुभा द्या, आणि त्यांचा स्वतःचा गटही ठेवा. दहा वर्षांखालील धावणे-उड्या तर खुशाल एकत्र घ्या, तिथे मुलीही जिंकतील आणि मुलांना तो धडा लहान वयात मिळालेला बरा.

तुमच्या सूचनेतला जो अर्धा भाग मला पटतो, तो आता सांगते. शरीरमापाची गरज आहे, पण ती मुलींच्या गटाऐवजी नव्हे, त्याच्या आत. चौदा वर्षांखालील मुलींच्या गटात शहरातल्या शाळेची ४७ किलोची मुलगी आणि आश्रमशाळेची ३१ किलोची मुलगी कबड्डीच्या मैदानावर समोरासमोर उभ्या राहतात, तेव्हा तो सामना नसतो. मुलांच्या गटातही तेच : चौदाव्या वर्षी कुणाला मिसरूड फुटलेली असते आणि कुणाचा आवाजही फुटलेला नसतो. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी लहान मुलांच्या फुटबॉलमध्ये वयाऐवजी वाढीच्या टप्प्यावरून गट पाडून पाहिले, ते याच कारणाने. आणि मुलींना गट कमी मिळणे हे दुखणे जुने आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांचे मुष्टियुद्ध पहिल्यांदा आले तेव्हा पुरुषांना दहा वजनगट होते आणि महिलांना तीन. मेरी कोम यांनी जागतिक स्पर्धा जिंकल्या होत्या ४५ ते ४८ किलोंच्या आसपास, पण ऑलिम्पिकसाठी त्यांना ५१ किलोंत जाऊन थोराड प्रतिस्पर्ध्यांशी लढावे लागले, आणि तरी त्यांनी कांस्य आणले. म्हणून चौदा वर्षांखालच्या कबड्डीत मुलींसाठी निदान दोन वजनगट करावेत, ही माझी मागणी आहे. संघ कमी पडतील, हे खरे. पण आज आश्रमशाळांचे संघ येत नाहीत, त्याला एक कारण पहिल्याच सामन्यात होणारी ती दैना आहे.

वजनकाटा आणायचा तर त्याच्यासोबत काय येते तेही बघायला हवे, कारण जे मोजले जाते ते चुकवायला लोक शिकतात. वजनाच्या दिवशी पहाटे मुलांना दोन-दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारायला लावणारे, आदल्या दिवशीपासून पाणी बंद करणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. एका स्पर्धेत माझ्याच संघातली तेरा वर्षांची मुलगी काट्यावर उभी राहिली, वजन मर्यादेत भरले म्हणून हसली आणि खाली उतरताना कोसळली. तिने आदल्या दुपारपासून काही खाल्ले नव्हते, आणि मला ते माहीत नव्हते, ही माझी चूक. पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलोंच्या अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅमने बाद झाल्या तेव्हा सारा देश हळहळला, पण तालुक्याच्या मैदानावर शंभर ग्रॅमसाठी मुलांचे काय होते याकडे कुणाचे लक्ष नसते. तेव्हा काटा आणा, पण वजन एकदाच, हंगामाच्या सुरुवातीला, शाळेत, जेवल्यावर घ्या. मुलींचे वजन शिक्षिकेने पडद्याआड घ्यावे आणि आकडा मोठ्याने पुकारू नये. ही शेवटची गोष्ट लिहावी लागते याची मला लाज वाटते.

आणखी एक विषय आपल्या सूचनेच्या मागे दबून बसलेला आहे. लिंगावरून गट ठेवला की कोण मुलगी हे कोण ठरवणार, हा प्रश्न येतो, आणि शरीरमापे आणली की तो टळतो, असे एका सूचकाचे म्हणणे मला कळले. टळणे समजू शकते. मी एकदा तो प्रश्न जवळून पाहिला आहे. उंच, केस बारीक कापलेल्या, जाड आवाजाच्या एका मुलीबद्दल समोरच्या संघाच्या व्यवस्थापकाने आक्षेप घेतला, आणि तिची 'तपासणी' करावी अशी मागणी त्या मुलीच्या देखत झाली. मी जन्मदाखला टेबलावर ठेवला, याहून अधिक काही दाखवणार नाही असे सांगितले, आणि सामना झाला. आम्ही जिंकलो. ती मुलगी नंतर सरावाला आली नाही. मोठ्या पातळीवर काय होते हे आपल्या देशाने दोनदा पाहिले आहे : तमिळनाडूच्या शांती सौंदराजन यांचे २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतले ८०० मीटरचे रौप्य लिंगचाचणीनंतर काढून घेतले गेले, आणि ओडिशाच्या द्युती चंद यांना २०१४ मध्ये महिला खेळाडूंच्या टेस्टोस्टेरॉनवर मर्यादा घालणाऱ्या नियमावरून राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळले गेले. द्युती यांनी क्रीडा लवादाकडे दाद मागितली, २०१५ मध्ये तो नियम स्थगित झाला आणि २०१६ मध्ये त्या रिओत धावल्या. त्यानंतर जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचे नियम पुन्हा बदलले, आणि सप्टेंबर २०२५ पासून तिच्या मोठ्या स्पर्धांत महिला गटात उतरण्यासाठी आयुष्यात एकदा जनुकीय चाचणी द्यावी लागते. त्या नियमांवर तज्ज्ञ आणि न्यायालये भांडत आहेत, भांडोत. पदके आणि पैसा जिथे आहे तिथे कुठेतरी रेघ आखावी लागेल, आणि ती कुणाला तरी लागेल. पण चौदा-सतरा वर्षांच्या मुलींच्या तालुका स्पर्धेत ती रेघ आखण्याचे काम पंच, व्यवस्थापक किंवा समोरच्या संघाचे पालक यांच्याकडे अजिबात असू नये. शाळेच्या दाखल्यावरची नोंद पुरेशी मानावी, खेळाडूच्या दिसण्यावरून घेतलेला तोंडी आक्षेप ऐकूनच घेऊ नये, आणि लेखी आक्षेप असेल तर तो बंद पाकिटात, मुख्याध्यापकांमार्फत, सामना संपल्यानंतर यावा. एखाद्या मुलीच्या बाबतीत खरोखरच वैद्यकीय गुंतागुंत असेल तर ती तिची, तिच्या घरच्यांची आणि डॉक्टरांची गोष्ट आहे.

माझ्याकडे १९९० च्या दशकापासूनच्या नोंदींच्या अकरा वह्या आहेत. शंभर मीटर, लांब उडी, गोळाफेक, सोबत प्रत्येकाचे वय, उंची आणि वजन. अक्षर बरे नाही आणि दोन वह्यांना एका पावसाळ्यात पाणी लागले आहे, पण आकडे वाचता येतात. नियोजनाच्या पुढच्या बैठकीत मला वीस मिनिटे दिलीत तर मी त्या घेऊन येईन, आणि आपण सुचवलेले उंची-वजनाचे गट त्या वह्यांतल्या मुलामुलींना लावून पाहू. सातवीपर्यंतची पाने आधी उघडू, मग नववीची.

कळावे,
आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
नाशिक